बंद दाराचे निदान

रात्री साडेअकराला फोन वाजतो. पलीकडे घाबरलेली आई असते. मुलाला एकशे दोन ताप आहे, घरात पॅरासिटामॉलची बाटली आहे, पण किती द्यावे हे तिला आठवत नाही. आम्हा बालरोगतज्ज्ञांचे सारे औषधशास्त्र वजनावर उभे असते. एका वेळी प्रत्येक किलोला पंधरा मिलिग्रॅम हे मला अर्धवट झोपेतही सांगता येईल. पण बाळाचे वजन किती असे विचारावे, तर "मागच्या महिन्यात तुमच्याकडेच केलं होतं" एवढेच उत्तर मिळते. ते वजन, पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर चट्टे उठले होते, तापात कधी झटका आला होता काय, हे सर्व तळमजल्यावरील दवाखान्याच्या संगणकात असते आणि मी दुसऱ्या मजल्यावर अंथरुणात असतो.

या गरजेपोटी काही वर्षांपूर्वी मी दवाखान्यातील संगणक घरच्या संगणकाला जोडून घेतला. विंडोजमध्ये 'रिमोट डेस्कटॉप' नावाची ही सोय २००१ साली एक्सपीच्या प्रोफेशनल आवृत्तीबरोबर आली. एका संगणकाचा पडदा दुसऱ्यावर दिसतो, इथला कळफलक आणि माऊस तिथला संगणक चालवतो, नोंदी मात्र मूळ जागीच राहतात. डॉक्टरसाठी यासारखी सोयीची गोष्ट नाही. म्हणून या सोयीविरुद्ध लिहिण्याचा माझा हेतू मुळीच नाही. ती बंद पडते तेव्हा आपण जे उपचार करवून घेतो, त्यांविषयी मला लिहायचे आहे. माझे मत थोडक्यात असे की, न तपासता प्रतिजैविक लिहिणाऱ्या सहकाऱ्याला आपण नावे ठेवतो आणि आपल्या संगणकावर मात्र तोच अपराध रोज घडू देतो. मी स्वतः तो घडू दिला आहे. त्याची किंमत माझ्यापेक्षा माझ्या बालरुग्णांनी अधिक मोजली. म्हणून ही हकीकत सांगणे मला आवश्यक वाटते.

जोडणी वर्षभर उत्तम चालली आणि २०२० च्या उत्तरार्धात एके दिवशी अचानक बंद पडली. "संगणक सापडत नाही" असे काहीसे वाक्य पडद्यावर येई. मी दोन्ही संगणक बंद करून पुन्हा चालू केले. तारा काढून पुन्हा लावल्या. गुण येईना. मग एका तंत्रज्ञास बोलावले. माणूस कष्टाळू होता, पण त्याला दिवसभरात आणखी सहा ठिकाणी जायचे होते. त्याने पाच मिनिटांत सांगितले, "डॉक्टर साब, फायरवॉल बंद कर देते हैं, झंझट ही खत्म." तेवढ्याने भागले नाही, तेव्हा त्याने राउटरमध्ये जाऊन रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडून दिले. दवाखान्यातील कॅमेऱ्यांसाठी आम्ही स्थिर सार्वजनिक आयपी पत्ता घेतलेला होताच. रिसेप्शनवरील ताईंना लक्षात राहावा म्हणून दवाखान्याचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा पासवर्डही त्यानेच ठरवला. जोडणी तत्काळ लागली. "अब तो आप पुणे से भी देख लोगे," तो म्हणाला. मी खूष होऊन त्याला चहा पाजला.

पुढे काही आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी ताईंनी मला लगबगीने खाली बोलावले. एकही फाईल उघडत नव्हती. सर्व फाईलींच्या नावांपुढे अनोळखी अक्षरे जोडली गेली होती आणि पडद्यावर इंग्रजी मजकूर होता: नोंदी परत हव्या असतील तर पैसे पाठवा. रविवारी रात्री कोणीतरी त्या उघड्या दाराने आत येऊन आमच्याच पासवर्डने कुलूप उघडले होते. मी पैसे दिले नाहीत. टेबलाच्या खणात एक बाह्य हार्ड डिस्क होती. ती संगणकाला जोडलेली नव्हती म्हणूनच वाचली. परंतु तिच्यावरचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा होता.

चार महिने म्हणजे काय, हे बालरोगतज्ज्ञाला वेगळे सांगायला नको. दीड महिन्याचे बाळ तेवढ्या काळात साडेपाच महिन्यांचे होते. लसींच्या नोंदी बहुतांशी परत मिळाल्या, त्या आयांनी जपलेल्या कार्डांमुळे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले, हळदीचे डाग पडलेले ते कार्ड माझ्या संगणकापेक्षा अधिक विश्वासू ठरले. पण कार्डावर सर्व काही नसते. एका चार वर्षांच्या मुलीला त्या हरवलेल्या काळात एका प्रतिजैविकाने अंगभर चट्टे उठले होते. मी ते औषध नोंदवले होते, हे मला आठवत होते. औषध कोणते हे मात्र आठवत नव्हते. आई म्हणाली, "ते गुलाबी रंगाचं होतं, डॉक्टर." गुलाबी रंगाची औषधे किती असतात! त्या दिवसापासून तिच्यासाठी एक अख्खा औषधगट मला वर्ज्य मानावा लागला. एरवी सर्वांत सोपे आणि स्वस्त ठरले असते असे औषध तिला देण्याचे धाडस मी आजही करत नाही.

आणि येथे मला एक कबुली द्यायची आहे. पालकांना तेव्हा मी "संगणक बिघडला" एवढेच सांगितले. ते अर्धसत्य होते. ज्याने फाईली कुलूपबंद केल्या, त्याला त्या आधी वाचता येत होत्या. मुलांची नावे, पत्ते, वडिलांचे फोन क्रमांक, कोणाला फिट्स येतात, कोणाचे बोलणे उशिरा सुरू झाले, हे सारे आईने बंद खोलीत विश्वासाने मला सांगितलेले होते. त्यातले काय बाहेर गेले हे कळण्याचा मार्ग माझ्यापाशी नव्हता. तरीही मी गप्प राहिलो, कारण लाज वाटली. चुकीचे औषध दिले गेले असते तर मी नक्की सांगितले असते, असे मी स्वतःला आजवर समजावत आलो आहे. मग हे का नाही सांगितले, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.

खरे निदान पुढे महिन्याभराने माझ्या भाच्याने केले. तो दिवाळीनंतर काही दिवस राहायला आला होता. त्याने संगणकाला हातही लावला नाही. आधी विचारले, "मामा, हे शेवटचं नीट कधी चाललं होतं? आणि त्यानंतर घरात काय बदललं?" मला काही सुचेना. तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्या ऑनलाईन वर्गांसाठी आपण वर वेगळी फायबर लाईन घेतली ना?" तेच कारण होते. करोनाच्या काळात वरच्या मजल्यासाठी नवी जोडणी आणि नवा राउटर आला, घरचा संगणक त्यावर गेला, खालचा जुन्यावरच राहिला. एका छपराखाली दोन वेगळी नेटवर्क झाली. दोन संगणक आता एकमेकांचे शेजारीच राहिले नव्हते, मग एकमेकांना सापडणार कसे? खालच्या राउटरपासून वरच्या संगणकापर्यंत एक लांब तार ओढणे, एवढाच त्यावर उपाय होता. त्याऐवजी आम्ही बावीस पायऱ्या खाली जाण्यासाठी घराची भिंत फोडून जगभराचा रस्ता आत घेतला होता.

"शेवटचे कधी बरे होते आणि त्यानंतर काय बदलले?" हा प्रश्न मी गेली तीस वर्षे रोज पन्नास वेळा विचारतो. माझ्या संगणकाच्या बाबतीत तो ना मी विचारला, ना तंत्रज्ञाने. म्हणून सुचवावेसे वाटते की जोडणी बंद पडली की आपण आपल्याच शास्त्राच्या क्रमाने जावे: आधी इतिहास, मग तपासणी, मग उपचार. इतिहासात नवा राउटर, विंडोजचे अपडेट, बदललेला पासवर्ड, वीज जाऊन येणे, एवढ्या चार गोष्टी जरी विचारल्या तरी निम्मे काम होते.

तपासणी रुग्णाच्या शुद्धीपासून सुरू करावी. पलीकडचा संगणक जागा आहे काय? पडदा काळा असला तर चालते. परंतु संगणक वीज वाचवण्यासाठी 'स्लीप'मध्ये गेला असेल तर तो सहसा हाकेला ओ देत नाही. दवाखाना बंद झाल्यावर हे हमखास घडते. त्यानंतर विंडोजची आवृत्ती पाहावी. होम आवृत्तीच्या संगणकावरून दुसरीकडे जाता येते, पण त्याच्याकडे रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. त्याला प्रो आवृत्ती लागते. ही अंगभूत मर्यादा आहे, बिघाड नव्हे. ती ठाऊक नसल्याने कित्येकांनी नाहक फायरवॉल पाडली असेल.

मग दोघांचे पत्ते पाहावेत. छोट्या नेटवर्कमध्ये साधारणपणे पहिले तीन आकडे सारखे असतात. एकाचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, तर दोघे बहुधा वेगवेगळ्या राउटरच्या घरात आहेत. माझे दुखणे हेच होते. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या वायफायवर लॅपटॉप जोडला गेला तरी असाच परिणाम होतो. पत्ते एकाच घरातले असूनही भेट होत नसेल, तर पत्ता बदलला असण्याची शक्यता मोठी. राउटर प्रत्येक संगणकाला पत्ता भाड्याने देतो, कायमचा देत नाही. वीज गेल्यावर किंवा काही दिवसांनी तो दुसरा मिळू शकतो आणि आपण जुन्या घराचे दार वाजवत बसतो. राउटरमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवला की हा त्रास संपतो.

यानंतर फायरवॉलची पाळी येते आणि इथेच संयम हवा. फायरवॉल बंद करायची नसते. तिच्यात रिमोट डेस्कटॉपला परवानगी आहे काय, एवढेच पाहायचे असते. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' मानते. नवा राउटर आला की दवाखान्याचे स्वतःचे नेटवर्कही रेल्वे स्थानकावरील नेटवर्काप्रमाणे परके मानले जाऊ शकते, आणि मग संगणक इतरांना सहज दिसत नाही. तो शिक्का बदलणे हा एका मिनिटाचा, निर्धोक उपचार आहे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. तंत्रज्ञ मंडळी बऱ्याचदा 'पिंग' करून पाहतात आणि उत्तर आले नाही की संगणक मेला असे घोषित करतात. फायरवॉल पिंगला गप्प ठेवू शकते आणि तरीही जोडणी लागू शकते. मनगटाची नाडी लागली नाही एवढ्यावरून आपण मृत्यूचा दाखला लिहीत नाही.

पडद्यावर पासवर्ड चुकीचा असल्याचे आले, तर ती एका अर्थी चांगली बातमी समजावी. रस्ता मोकळा आहे, दारापर्यंत पोहोचलो आहोत, फक्त किल्ली चुकली आहे. रोज चार आकडी पिन दाबून आपण संगणक उघडतो आणि खरा पासवर्ड विसरून जातो. येथे मात्र पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्यालाही विंडोज दुरून येऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याला प्रशासकाचे अधिकार नाहीत, त्याचे नाव परवानगीच्या यादीत घालावे लागते. जोडणी लागते आणि मध्येच तुटते, अशी तक्रार असेल तर आधी खाली विचारावे. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच माणूस बसू शकतो. मी वरून आत शिरलो की ताईंचा पडदा कुलूपबंद होई. त्या बिचाऱ्या पुन्हा पासवर्ड टाकत आणि मी बाहेर फेकला जाई. आम्ही दोघांनी एकदा अर्धा तास एकमेकांना असे बाहेर काढले आणि दोघांनीही दोष इंटरनेटला दिला.

संगणक आपल्याला नकार देतो तेव्हा कधी कधी तो आपले कर्तव्यच करत असतो, हे मला या साऱ्यातून उमगले. २०१८ च्या मे महिन्यातील उदाहरण बोलके आहे. रिमोट डेस्कटॉपच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीतील एक उणीव मायक्रोसॉफ्टने अपडेटद्वारे दुरुस्त केली. ज्या संगणकाने अपडेट घेतले तो, न घेतलेल्या संगणकाशी बोलण्यास नकार देऊ लागला. योग्य उपचार दुसऱ्यालाही अपडेट देणे हा होता. सोपा उपचार होता पहिल्याची सुरक्षितता कमी करणे, आणि तोच पुष्कळ ठिकाणी केला गेला. ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे, हे आपण आयांना समजावतो. इथे आपण थर्मामीटरच फोडतो.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर मोठी उदाहरणे आठवावीत. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचे कामकाज विस्कळीत केले. त्याचा मार्ग रिमोट डेस्कटॉपचा नव्हता, फाईलींच्या देवाणघेवाणीचा होता. पण ज्या उणिवेतून तो शिरला, तिची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती. २०१९ च्या मे महिन्यात जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्येच इतकी गंभीर उणीव सापडली की कालबाह्य ठरलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि कित्येक दिवस तेथील कामकाज कागदावर चालले. नेटवर्कची विभागणी योग्य नव्हती, असे कारण सरकारने पुढे संसदेत दिले.

"आपण डॉक्टर आहोत, अभियंते नव्हे, हे तंत्रज्ञाने पाहावे," असे अनेक सहकारी म्हणतात. त्यांची अडचण मी समजू शकतो. दिवसाला शंभर रुग्ण पाहून कोणाला राउटर उघडण्याची हौस असणार? परंतु आपण प्रयोगशाळाही चालवत नाही, तरीही अहवाल वाचता येतो आणि तो रुग्णाशी जुळत नसेल तर प्रश्न विचारतो. तेवढीच अपेक्षा येथे आहे. "तुम्ही काय बंद केले? काय उघडले? का?" हे तीन प्रश्न विचारण्यासाठी अभियंता व्हावे लागत नाही. शिवाय जबाबदारी आता केवळ नैतिक राहिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती सांभाळणाऱ्यावर वाजवी सुरक्षिततेचे बंधन घातले असून त्यातील कसुरीसाठी अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार अशा हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवावयाची असते. माझ्यासारखी लाज बाळगून गप्प राहणे आता चालणार नाही आणि चालू नयेही.

आपल्या मंडळापुढे मी तीन सूचना ठेवतो. एक, प्रत्येक दवाखान्याने संगणकाचा एक केसपेपर ठेवावा. त्यात संगणकांचे पत्ते, कोणाला प्रवेश आहे, काय बदलले आणि कधी, शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा, हे लिहावे. तंत्रज्ञाने केलेला प्रत्येक बदल त्यात त्याच्याच समोर नोंदवावा. दोन, बॅकअप दर आठवड्याला घेऊन डिस्क काढून ठेवावी आणि अधूनमधून त्यावरची फाईल उघडूनही पाहावी. तीन, वर्षातील एका मासिक सभेत व्याख्यानाऐवजी हाच विषय घ्यावा. कोणाचे ३३८९ पोर्ट बाहेर उघडे आहे, कोणाच्या संगणकावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी नियमित आधार संपलेले विंडोज १० अजून तसेच चालू आहे, हे आपण एकमेकांना तपासून द्यावे. बाहेरगावाहून नोंदी पाहणे खरोखरच गरजेचे असेल, तर व्हीपीएनसारखा बंदिस्त मार्ग घ्यावा. उघडे पोर्ट कदापि नको.

आपल्या समाजातील जे वाचक डॉक्टर नाहीत, त्यांनाही एक सांगणे आहे. फोनवरून कोणी बँकेचा माणूस म्हणवून पडदा दाखवणारे ॲप घ्यायला सांगितले, तर तोही उघड्या दाराचाच प्रकार समजावा. अशा ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केले होते. आणि आपल्या मुलाच्या डॉक्टरांना "आमच्या नोंदी कुठे असतात, त्या कोण पाहू शकतो?" असे विचारण्यास संकोच करू नये. मला हा प्रश्न आधी कोणी विचारला असता, तर कदाचित मी तो स्वतःला विचारला असता.

आज वरच्या मजल्यापर्यंत आलेली ती तार अजून जागेवर आहे. बाहेरचे पोर्ट बंद आहे, फायरवॉल चालू आहे, ताईंचे आणि माझे पासवर्ड वेगळे आहेत. तरीही एखाद्या रात्री जोडणी लागत नाही. तेव्हा मी फोनवरील आईला पाच मिनिटे थांबायला सांगतो, चप्पल पायात सरकवतो आणि किल्ली घेऊन जिना उतरतो. दार का उघडले नाही, ते सकाळी पाहतो.